जुन्या व्हॉल्व्ह हेडसाठी स्पीकर आणि कॅबिनेट : सागवान की प्लाय, दोन की चार?

गावभाग_सांगली

सर्वांना नमस्कार. माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. 1970 च्या दशकात त्यांनी इंग्लंडहून मार्शलचे 50 वॉटचे हेड (म्हणजे स्पीकर नसलेला, सुटा गिटार अ‍ॅम्प्लिफायर) आणि चार स्पीकरचे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, आणले, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे सांगली, मिरज, इचलकरंजी इथल्या ऑर्केस्ट्रांत त्यावरच गिटार वाजवली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागातल्या घरात शिरले, तेव्हा हेड माळ्यावर होते म्हणून वाचले. कॅबिनेट मात्र खालच्या खोलीत पाण्यात राहिले. पाणी ओसरल्यावर पाहिले तर पाठीच्या फळीचे पदर सुटले होते आणि स्पीकरच्या कागदी कोनांचा लगदा झाला होता. गेल्या महिन्यात मामांनी हेड माझ्या हवाली केले. "तू वाजवतोस, तर तूच सांभाळ," एवढेच ते म्हणाले.

हेडमध्ये ईएल 34 जातीचे दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या) आहेत आणि मागे स्पीकरच्या ओहमप्रमाणे फिरवायचा 4, 8 व 16 चा सिलेक्टर आहे. मी विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरी सराव असतो, आणि वर्षातून पाच-सहा कार्यक्रम होतात, तेही बहुतेक कॉलेजच्या सभागृहात किंवा भावे नाट्यमंदिरात. ओळखीच्या साउंडवाल्यांनी सुचवले की डीजेचे 300 वॉटचे 12 इंची स्पीकर बसवा, ते कधी उडणार नाहीत. आमच्या सुतारांचे म्हणणे असे की पेटी सागवानाची करू, म्हणजे नातवंडांपर्यंत टिकेल. दोन्ही सल्ले आपुलकीचे आहेत, पण या दोघांपैकी कोणीही गिटारचे कॅबिनेट केलेले नाही. जुने चार स्पीकरचे कॅबिनेट पुन्हा तसेच करावे की दोन स्पीकरवर भागवावे, आणि स्पीकर कोणते घ्यावेत, हे जाणकारांनी सांगावे.

सातारचा_व्हॉल्व्हवाला

स्पीकरकडे वळण्याआधी हेडविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण हेडच गेले तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवू नये. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर नसला तरी सहसा काही बिघडत नाही. इथे मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट राहत नाही, विजेचा दाब भलताच चढतो आणि वेढ्यांमधले इन्सुलेशन किंवा व्हॉल्व्हचे सॉकेट जळते. आपल्या हेडवरचा ओहमचा सिलेक्टरही याच कारणाने आधी साफ करून घ्या. इतक्या वर्षांत त्याचे संपर्क सैल आणि काळे पडलेले असतात, आणि वाजवताना तिथला संपर्क सुटणे हे स्पीकरची पिन उपटण्यासारखेच आहे.

दुसरे असे, की माळ्यावर पडून राहिलेल्या हेडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बहुधा बदलावे लागतील. जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेला माणूस शोधा आणि पहिल्यांदा वीज देताना 100 वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवायला सांगा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जावे; लख्ख पेटत राहिला तर तिथेच थांबावे. आत चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये उरतो, म्हणून स्वतः आत हात घालू नका.

आता स्पीकर. साउंडवाल्यांच्या सल्ल्यात एक नेहमीची गल्लत आहे. वॉटचा आकडा स्पीकर किती सोसेल हे सांगतो, तो किती मोठा वाजेल हे सांगत नाही. आवाज किती मोठा येणार हे सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात यावर ठरते. सेलेशनचा जी12एम ग्रीनबॅक 25 वॉटचा आणि 98 डेसिबलचा आहे. त्याच कंपनीचा व्हिंटेज 30 हा 60 वॉटचा आणि 100 डेसिबलचा आहे (नावातला 30 वॉटचा नव्हे, यात पुष्कळ जण फसतात). जी12एम-65 क्रीमबॅक 65 वॉट सोसतो, पण आहे 97 डेसिबलचा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट किंवा निम्मी होण्याइतका फरक; म्हणजे आपले 50 वॉटचे हेड क्रीमबॅकवर जेवढे वाजेल, साधारण तेवढेच 25 वॉटचे हेड व्हिंटेज 30 वर वाजेल.

हेडवरचे 50 वॉट हे स्वच्छ आवाजाचे आहेत. आवाज पूर्ण चढवून तो फाटू लागला की दोन ईएल 34 सत्तर वॉटच्या आसपासही देऊ शकतात, आणि जुन्या धाटणीने गिटार वाजवणारा माणूस हे हेड नेमके तिथेच वाजवतो. म्हणून स्पीकरची एकत्रित क्षमता 100 वॉटच्या खाली नसावी. 25 वॉटचे चार स्पीकर असलेल्या जुन्या पेटीत हा हिशेब आपोआप बसत होता.

डीजेचा स्पीकर मात्र 300 वॉटचा असला तरी नको. त्याचा कोन जड असतो, कारण त्याला खर्जाचे काम करायचे असते, आणि वरच्या पट्टीसाठी शेजारी वेगळा हॉर्न असतो. गिटारचा स्पीकर हलक्या कागदी कोनाचा असतो. दोन-तीन किलोहर्ट्झच्या भागात तो जाणूनबुजून पुढे येतो आणि पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. फाटलेल्या आवाजातली चरचर हा उतारच गाळतो. डीजेच्या स्पीकरवर आपल्या मामांचे हेड रजईखालून वाजल्यासारखे ऐकू येईल, आणि हॉर्न जोडलात तर कानात टाचण्या टोचतील.

ओहमचा हिशेब सोपा आहे. 16 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 8 ओहम होतात. 8 चे दोन समांतर जोडले की 4 आणि एकापुढे एक जोडले की 16. जे होईल तिथे सिलेक्टर ठेवायचा. दोन्ही स्पीकर एकाच ओहमचे असावेत. 8 आणि 16 समांतर जोडलेत तर 8 च्या स्पीकरला दुप्पट ताकद सोसावी लागते. हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची शिल्डेड वायर वापरू नका. 1.5 चौरस मिलिमीटरची साधी दोन पदरी तांब्याची वायर पुरते.

तारतुंबा_मिरज

आमच्या घरी सतार-तंबोऱ्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, म्हणून मी लाकडापुरते बोलतो. सागवान सुचवणाऱ्या सुतारांचा हेतू चांगला आहे, पण सतारीचे शास्त्र पेटीला लावून चालत नाही. सतारीची तबली (वरची पातळ फळी) थरथरावी म्हणूनच आम्ही ती पातळ राखतो. स्पीकरच्या पेटीच्या भिंती थरथरल्या की त्या आवाज वाढवत नाहीत, त्यातला जोर खातात. शिवाय अखंड सागवानाची फूटभर रुंद फळी मे महिन्यात आकसते आणि जुलैत फुगते. आम्ही वाद्याचे लाकूड वर्षानुवर्षे वाळवतो ते उगीच नाही, आणि तरीही एखादे वाद्य पावसाळ्यात मान वाकवतेच. त्यात सागवानाच्या अंगी तेल असते, त्यामुळे सरसाची पकड हवी तशी बसत नाही. सागवानाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. दारे-खिडक्या त्याच्याच असाव्यात.

प्लायमध्ये एक थर उभा आणि एक आडवा असतो, त्यामुळे तो हवामानाला फारशी दाद देत नाही. 18 मिलिमीटरचा बर्च प्लाय मिळाला तर उत्तम. त्यात पातळ असे तेरा थर असतात. सांगली-मिरजेत तो बहुधा मागवावा लागेल. नाहीच मिळाला तर आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. पुराचे पाणी एकदा पाहिलेल्या घराला तर तो शोभेलच. दुकानात मात्र शिक्क्यावर विसंबू नका. शीट टेकवून उभी करा आणि बोटाच्या पेराने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठोकत जा. भरीव टणक आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला, तर तिथे आतल्या थरात पोकळी आहे. ही पोकळी गिटारच्या एखाद्याच सुराला खडखडते आणि मग माणूस आठवडाभर स्पीकरला दोष देत बसतो.

स्पीकर ज्या फळीवर बसतो तिला भोक पाडताना कंपनीने दिलेले माप पाहावे. सेलेशनच्या 12 इंची स्पीकरसाठी ते 283 मिलिमीटर आहे. लाकडाचे स्क्रू न वापरता मागून टी-नट (फळीत ठोकून बसवायची नट) ठोकून बोल्ट लावावेत, कारण स्पीकर एकदाच बसवला जात नाही. पाठीची फळी जिथे टेकते तिथे फोमची पातळ पट्टी चिकटवा. कोपरे अडकित सांध्याचे केले तर फारच चांगले, पण आतून चौकोनी पट्टी देऊन सरस आणि स्क्रूने जोडलेले कोपरेही निभावतात. वरून रेक्झिन लावायचेच असल्याने सांधे कोणाला दिसणार नाहीत, सुतारांना तेवढे वाईट वाटेल.

एका स्नेह्यांकडे व्हिंटेज 30 आणि क्रीमबॅक शेजारी-शेजारी ऐकले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिल्याची जवारी (तारेच्या नादातला झंकार) खुली आहे आणि दुसऱ्याची गोल. कोणती आवडावी हे ज्याच्या-त्याच्या कानावर आहे.

पोवई_नाका_गिटार

वरच्या दोघांशी मी बहुतेक सहमत आहे. चार स्पीकरच्या पेटीचा मोह सोडावा, असे मात्र मी स्पष्टच सांगेन. ती 35 किलोच्या पुढे जाते, आपण तिसऱ्या मजल्यावर राहता, आणि भावे नाट्यमंदिरात कोणीही स्पीकरसमोर माइक ठेवून आवाज मुख्य यंत्रणेतच नेणार आहे. माइक एका स्पीकरसमोर असतो. उरलेले तीन रंगमंचावरच्या माणसांसाठी वाजतात. दोन स्पीकरची पेटी दोन माणसे जिन्यावरून सहज नेतात आणि ती रिक्षातही बसते.

दोन ग्रीनबॅक लावून 50 वॉटचे हेड चालते असे सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतील. मीही त्यांच्यातला होतो. एका स्नेहसंमेलनात तिसऱ्या गाण्याला आवाज पातळ होत गेला आणि पेटीतून जळालेल्या वार्निशचा वास आला. घरी येऊन दोन्ही हातांची बोटे कोनावर सारखी ठेवून तो हळूच आत दाबला, तर आतून वाळूवर पत्रा घासल्यासारखा आवाज आला. व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी, करपून फुगली होती. चूक सर्वस्वी माझीच होती. ग्रीनबॅकचा आवाज मला आजही सर्वांत आवडतो, पण तो हवा असेल तर चार हवेत.

म्हणून आपल्यासाठी मी 16 ओहमचे दोन जी12एम-65 सुचवतो. जात ग्रीनबॅकचीच, क्षमता एकत्रित 130 वॉट, आणि 97 डेसिबल हा इथे दोष नसून सोय आहे. घरात तेही जास्तच होतील, कारण या स्पीकरला एक वॉट दिला तरी शेजारी दार वाजवतील. सरावासाठी हेड आणि पेटी यांच्यामध्ये त्याच ओहमचा अ‍ॅटेन्युएटर (हेडची बरीचशी ताकद स्वतः शोषून आवाज कमी करणारी पेटी) लागेलच. एक क्रीमबॅक आणि एक व्हिंटेज 30 अशी जोडी करण्याची सध्या फॅशन आहे. ऐकायला ती छान असते, पण तीन डेसिबलने पुढे असलेला व्हिंटेज 30 दुसऱ्याला झाकतो, हे लक्षात ठेवूनच ती करावी.

पाठ बंद असावी की उघडी, यावर मी बरीच वर्षे डोके घातले आहे. उघड्या पाठीच्या पेटीत मागचा आवाज पुढच्याच्या उलट फेजमध्ये असल्याने खर्ज एकमेकांना खातो, पण आवाज खोलीभर पसरतो आणि लहान जागेत सुखद वाटतो. बंद पेटीत खर्ज घट्ट येतो, पण आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. समोर बसलेल्याचे कान किटतात आणि शेजारच्या तबलजीला काही ऐकू येत नाही. मी पाठीच्या तीन आडव्या फळ्या केल्या आहेत आणि मधली चार स्क्रूंनी काढता येते. घरी ती काढतो, कार्यक्रमाला लावतो. याने अर्धा तास सुतारकाम वाढते, बाकी काही नाही.

गावभाग_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुतारांशी बोललो. सागवान नको म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग पेराने ठोकून प्लाय निवडायची गोष्ट ऐकून स्वतःच दुकानात यायला तयार झाले. 16 ओहमचे दोन जी12एम-65, समांतर जोडणी, सिलेक्टर 8 वर आणि पाठीच्या तीन फळ्या, असे ठरवले आहे. हेड एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे दिले आहे. कपॅसिटर बदलल्याशिवाय वीज द्यायची नाही, असे त्यांनीही न विचारता सांगितले.

एक शंका उरली आहे. मामांनी जुन्या पेटीतले दोन स्पीकर भंगारात न देता पोत्यात बांधून ठेवले होते, हे काल कळले. कोन गेलेले आहेत. मीटर लावला तर एक काहीच दाखवत नाही, दुसरा 12.8 ओहम दाखवतो. त्यांना नवे कोन बसवून घेण्यात अर्थ आहे का?

सातारचा_व्हॉल्व्हवाला

12.8 म्हणजे तो 16 ओहमचाच आहे. मीटरवर आकडा नेहमी लेबलपेक्षा कमी येतो. आपल्या स्पीकरची अडचण कोनापेक्षा चुंबकाच्या फटीत असेल. व्हॉइस कॉइल जिथे हलते ती फट मिलिमीटरभरच असते, आणि पुराचा गाळ तिथे गंजाबरोबर दगडासारखा बसतो. कोन आणि कॉइल कापून काढल्यावर फटीतला गाळ व गंज चिकटपट्टीने आणि पातळ पत्र्याने पूर्ण निघत असेल, तरच री-कोनिंगवर पैसे घाला. चुंबक सुटे करून साफ करतो म्हणणाऱ्याला मात्र देऊ नका, कारण सुटे केले की चुंबकत्व कमी होते आणि फटीचे केंद्र पुन्हा जुळत नाही. त्याआधी पोलादी सांगाड्यावर किंवा कोनाच्या मागे टी अक्षराने सुरू होणारा क्रमांक उरला असेल तर लिहून ठेवा, नवा कोन त्यावरूनच निवडता येतो.

नवे स्पीकर बसवल्यावर पाठ लावण्याआधी 1.5 व्होल्टचा एक सेल घ्या आणि पेटीच्या जॅकमध्ये घातलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकवा. दोन्ही कोन एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट करा.