चिंचिला आणि बिअर्डेड ड्रॅगन एकाच एसी खोलीत: दिव्यांचं काय करायचं?

फोंड्याची_रेवा
नमस्कार. आमच्या घरात एसी एकाच खोलीला आहे. खिडकीकडे माझी चिंचिला (दाट मऊ लवेचा, उंदरांच्या कुळातला प्राणी) तिळू, समोरच्या भिंतीला भावाचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा. त्याच्या काचेच्या पेटीवर यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब आणि ७५ वॅटचा बास्किंग दिवा, म्हणजे अंग तापवायचा. सकाळी सातला लागतात, रात्री नऊला बंद होतात, कारण भाऊ कामावरून उशिरा येतो आणि त्याला सरड्यासोबत थोडा वेळ हवा असतो. नऊनंतर पेटीत लाल नाइट बल्ब.

तिळू पूर्वी दिवेलागणीला बाहेर यायची. आता साडेदहा वाजले तरी लाकडी घरातून नाक काढत नाही. सकाळी गवत अर्धं तसंच. कमरेजवळची लव कुरतडल्यासारखी दिसते, आणि डाव्या डोळ्यातून पाणी येऊन खालची लव चिकटलेली असते. आई म्हणते, दिव्यानंच डोळा बिघडला. खरंच तसं असेल का? खूप काळजी वाटते.

मडगावचा_केतन
वेगळं करा दोघांना. ड्रॅगनला तापायला ३८ ते ४२ अंशांची जागा लागते, चिंचिलाला खोलीच २० च्या आसपास हवी. एसीची गरज तिला आहे, त्याला नाही. सरडा हॉलमध्ये न्या.

फोंड्याची_रेवा
उन्हाळ्यात नेऊ शकतो, केतन. पण पावसात आमच्या हॉलमध्ये हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, त्याला ३० ते ४० टक्केच ओलावा हवा. ओल्या हवेत त्याच्या छातीला त्रास होईल. चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत तरी दोघं एकत्रच राहणार.

म्हार्दोळचा_लाइटवाला
रेवा बाय, मी जत्रेतल्या नाटकांना लाइट करतो. घरी चिंचिलांची जोडी आहे आणि मुलाचा ड्रॅगन आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तो लाल बल्ब आजच काढ. लाल उजेड सरड्याला दिसत नाही असं दुकानात सांगतात, पण त्याला तो चांगला दिसतो. ड्रॅगनची रंगांची नजर आपल्यापेक्षा सरस, त्याला अतिनीलचाही काही भाग दिसतो. रात्री त्याला काळोखच हवा. चिंचिलाला लाल कमी दिसतो हे खरं, पण एसीच्या खोलीत रात्रभर तापणारा बल्ब तिच्याही कामाचा नाही. एसी २१ वर असेल तर तेवढी थंडी ड्रॅगनला रात्री चालते. खोली १८ च्या खाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लाव, तोही थर्मोस्टॅटवर.

आता वेळेचं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या बघण्यासाठी नसून दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. त्या सर्वांत जास्त जाग्या होतात सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला, आणि तुझ्या ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात निळा भरपूर असतो. तो उजेड डोळ्यांवर पडत असेतो मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, नीट वाढत नाही. तिळूची तिन्हीसांज तुमच्याकडे नऊला होते, मग ती साडेदहाला बाहेर येणारच. अँडीजच्या डोंगरातला हा प्राणी दिवसभर कपारीत झोपतो आणि उजेड मावळताना हिंडायला निघतो. मावळतीच झाली नाही तर तो निघणार कधी?

गोव्यात दिवस डिसेंबरात सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो, जूनमध्ये तेरा. तेवढाच धर. सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद, आणि तेही हाताने नको, टायमरने. आधी बास्किंग दिवा जाऊ दे, अर्ध्या-पाऊण तासाने ट्यूब. नऊवरून सातवर एकदम आणू नकोस, रोज थोडं थोडं सरकव. भावाला सांग, सरड्याला सकाळी भेट. त्याच्यासाठीही हे बरंच आहे, त्याला वेळेवर काळोख मिळतो. फक्त आठ वाजता समोर चिंचिला उड्या मारायला लागली की झोपलेला ड्रॅगन दचकतो, म्हणून मध्ये आडोसा हवा.

त्यानंतर सांडणारा उजेड. नाटकात ब्लॅकआउट (रंगमंचावर पूर्ण काळोख) घेताना मी आधी दिव्यांकडे बघत नाही, चकाकणाऱ्या वस्तूंकडे बघतो. घरीही तेच केलं. पेटीच्या दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा लावला होता, तरी चिंचिलांच्या खालच्या फळीवर उजेडाची एक तिरपी पट्टी यायची. ती यायची जमिनीवरून. आमच्याकडे जुनी, घोटून गुळगुळीत केलेली लाल जमीन आहे. पेटीच्या पुढच्या काचेतून उजेड खाली उतरायचा आणि जमिनीवरून उसळून थेट पिंजऱ्यात. पेटीपुढे जाड चटई टाकली, मध्ये प्लायचा आडोसा उभा केला (वर-खाली हवेला जागा सोडून), आणि पट्टी गेली. त्याच संध्याकाळपासून मादी दाराशी येऊन बसायला लागली.

तू एक कर. सरड्याचे दिवे चालू असताना तिळूच्या पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बस, डोळे तिच्या घराच्या दाराच्या उंचीवर आण. तिथून दिवा दिसतो का? कपाटाच्या आरशात, टीव्हीच्या काचेत त्याचं प्रतिबिंब दिसतं का? दिसलं तर घराचं दार भिंतीकडे फिरव. पण दिवसा तिला अंधारात कोंडू नकोस. खिडकीचा सौम्य उजेड हवाच, अंगावर ऊन मात्र नको. दिवस दिवसासारखा दिसला तरच रात्र रात्रीसारखी वाटते.

आणखी एक, आणि हे जिवावरचं आहे. दिवा आणि ट्यूब मिळून शंभर वॅटच्या आसपास, म्हणजे एक माणूस खोलीत बसून राहिल्याएवढी उष्णता. एसी चालू असताना ती कळतही नाही. पण पावसात लाइट जाते. तुमचे सरड्याचे दिवे इन्व्हर्टरवर असतील आणि एसी नसेल, तर बंद खोली तापत राहते. चिंचिलाच्या एकेका मुळातून साठ-साठ केस निघतात, तिला घाम येत नाही, २७ अंशांच्या वर ती लवकर ढासळते. तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढ. ड्रॅगनला काही तास दिव्याविना काही होत नाही. लाइट आल्यावर एसी आपोआप सुरू होतो का, तेही बघून ठेव.

रात्री तिला बघायचं असेल तर दिवा लावू नको, ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडचा कॅमेरा घे. ८५० वाल्याचे ठिपके काळोखात मंद लाल दिसतात.

डिचोलीची_व्हेट
लाइटवाले दादांनी लिहिलेलं सगळं करा, पण डोळ्याचं वेगळं आहे. काचेपलीकडच्या, खाली तोंड असलेल्या ट्यूबमुळे फक्त डावा डोळा पाणावेल असं वाटत नाही. साधी काच बहुतेक यूव्हीबी अडवते. दिव्याने इजा झाली तर सहसा दोन्ही डोळे लाल होतात आणि प्राणी ते मिटून घेतो.

एकाच डोळ्यातून पाणी आणि गवत शिल्लक, हे दोन्ही एकत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिले दात येतात. चिंचिलाचे वीसही दात आयुष्यभर वाढतात. दाढांची मुळं वर सरकली की डोळ्याच्या पाण्याची नळी दाबली जाते. हनुवटी ओली असते का बघा. कडक काड्या सोडून मऊ पानंच खाते का, तेही बघा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करून लिहून ठेवा. सशांचे दात तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्या आणि कवटीचा एक्स-रे मागा, नुसतं तोंड उघडून मुळं दिसत नाहीत. लव कुरतडणं ताणामुळे असू शकतं, दुखण्यामुळेही. खाणं पूर्ण थांबलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्यांचं आतडं लवकर मंदावतं.

आणि सरड्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवूनच तिळूकडे जा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला (आजार पसरवणारा जिवाणू) असू शकतो.

फोंड्याची_रेवा
डॉक्टर, हनुवटी ओली आहे. आत्ताच बघितली. उद्या सकाळीच नेते.
दादा, बल्ब काढला. कपाटाला आरसा आहे आणि दिवा त्यात पूर्ण दिसतो, त्यावर चादर टाकली. दिव्यांचा प्लग इन्व्हर्टरवरच होता, तोही बदलून घेते. एकच राहिलं: चवथीला बाहेरच्या हॉलमध्ये माटोळीभोवती (गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची सजावट) दिव्यांच्या माळा असतात, रात्रभर. आणि फटाके. देव बरें करूं तुम्हां सगळ्यांचं.

म्हार्दोळचा_लाइटवाला
माळांचा उजेड दाराखालच्या फटीतून येतो, तिथे जुनं गोधडं गुंडाळून लाव. खिडकीला जाड पडदा. लुकलुकणारी माळ असेल तर ती स्थिर ठेव, सतत बदलणाऱ्या उजेडाची सवय होत नाही. फटाक्यांसाठी पिंजरा खिडकीपासून आतल्या भिंतीला घे, एसीचा पंखा मोठा कर. चिंचिलाचे कान आपल्यासारखेच ऐकतात, म्हणून तर कानांच्या संशोधनात त्यांचा इतका वापर झाला. तुला जो आवाज नकोसा होईल तो तिलाही होईल. आणि सरड्याचे जिवंत रातकिडे त्या खोलीत ठेवत असाल तर बाहेर न्या, ते रात्रभर किरकिरतात. एक्स-रेमध्ये काय आलं ते इथे लिही.