सुनेचं बाळंतपण, बेलग्रेड आणि विहीणबाई: काय काय सांभाळू?

रामबागची काकू (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरची, रामबागेतली. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मुलगा सर्बियात बेलग्रेडला नोकरीला आहे, सून तिथलीच. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. मी १० डिसेंबरला पोचते, मार्चपर्यंत राहीन. विहीणबाई त्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली.

मुलाला काहीही विचारलं की म्हणतो, "आई, तू ये फक्त, सगळं होतं." त्याला काय कळतंय! मला पडलेले प्रश्न असे.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी नुकतीच न्हाऊन गॅलरीत उभी होते. विहीणबाईंनी पाहिलं आणि डोक्याला हात लावून ओरडायलाच लागल्या. मला वाटलं मागे माकड आलं. सून म्हणाली, काही नाही, तुमचे केस ओले आहेत म्हणून. ऑक्टोबरात! इंदूरला!

दुसरं, त्या मला सारखं 'प्रियो, प्रियो' म्हणतात. माझं नाव प्रिया नाही. दोनदा सांगून झालं.

तिसरं, १९ डिसेंबरला त्यांच्याकडे काहीतरी मोठी पूजा आहे. किती जणांना बोलावलंय विचारलं, तर सून म्हणते, बोलावत नाहीत, लोक येतात. हे कसं?

आणि मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सियागंजातून डिंक आणलाय, साजूक तुपातले दोन किलो लाडू करून नेणार आहे. शिवाय तिळाचं तेल, बाळंतशोप, धुरीसाठी ओवा. शेगडी तिथे मिळेल का? कुणी मराठी माणूस तिकडे राहत असेल तर सांगा.

ब्लॉक ४५

काकू, मी आहे. नऊ वर्षं होतील. नव्या बेलग्रेडात ब्लॉक ४५ मध्ये राहते. इथे वस्त्यांना नंबर असतात. माझं माहेर इंदूरला स्कीम ५४ मधलं, त्यामुळे पत्ता सांगताना मला पहिल्या दिवसापासून काही वेगळं वाटलं नाही. नव्या बेलग्रेडात एका रस्त्याला नेहरूंचं नाव आहे, एकाला गांधींचं. १९६१ साली अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद याच गावात झाली, त्या काळची दोस्ती. म्हातारी माणसं 'इंडिया' ऐकलं की टिटो (तेव्हाच्या युगोस्लावियाचे अध्यक्ष) आणि नेहरूंवर सुरू होतात. ऐकून घ्यायचं.

आधी तुमचं 'प्रियो'. विहीणबाई बरोबर बोलतायत. 'प्रिया' म्हणजेच विहीण! हाक मारताना 'प्रियो'. तुम्हीही त्यांना प्रियोच म्हणा, एका शब्दात अर्धं काम होईल. नात्यांची नावं इथे आपल्याइतकीच बारीक आहेत, अंकल-आंटीवर भागत नाही. सून ती स्नाया, नवऱ्याची आई स्वेक्र्वा, दीर तो देवेर, जाऊ ती येत्र्वा. स्नुषा, श्वश्रू, देवर, यातृ असं शाळेतलं संस्कृत आठवा. विभक्त्याही आहेत, सात, आणि त्यांत संबोधन धरलेलं आहे. म्हणून तर प्रियाचं प्रियो. एक घोळ मात्र होणार. इथे आजीला 'बाबा' म्हणतात. आमच्याकडे "बाबा कुठे आहे?" असं लेकीनं विचारलं की नवरा आणि सासूबाई दोघं ओ द्यायचे. तुम्ही 'आजी'वर ठाम राहा.

आता ओले केस. याच्यावर मी पुस्तक लिहू शकते. 'प्रोमाया' म्हणजे घरातून आरपार जाणारा वारा. त्यानं मान धरते, कान दुखतो, दात दुखतो, तोंड वाकडं होतं, काय वाट्टेल ते होतं. मी नवीन असताना जुलै महिन्यात, भर उकाड्यात, बसमध्ये खिडकी उघडली. मागच्या आजी उठल्या, काही न बोलता खिडकी बंद केली, पर्समधून रुमाल काढून माझ्या मानेवरचा घाम पुसला आणि परत जाऊन बसल्या. सगळी बस घामानं थबथबलेली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. गार फरशीवर बसू देत नाहीत, बायकांना तर मुळीच नाही. अनवाणी चालू देत नाहीत. तुम्ही पोचाल त्या क्षणी पायात घरातल्या सपाता येतील, त्यांना 'पापुचे' म्हणतात. आपलं पायपोस आणि हे पापुचे एकाच फारसी शब्दाची लेकरं. तुर्कांबरोबर तिकडे गेला, मुसलमानी अमलात आपल्याकडे आला.

म्हणून सांगते काकू, तुम्हाला तिथलं वेगळेपण जड जाणार नाही. सारखेपणा जड जाईल. बाळंतिणीनं ४० दिवस बाहेर पडायचं नाही, हे तुमचंही मत आणि त्यांचंही. बाळाला नजर लागते, हे दोघींना मान्य. तुम्ही काळी तीट लावणार, त्या मनगटाला लाल दोरा बांधणार. घरात दोन आज्या, दोघींना सगळं माहीत, आणि दोघींचं एकमेकींना कळत नाही. माझ्या वेळी आईनं ओव्याची धुरी करायला घेतली आणि धूर जायला खिडकी उघडली. सासूबाईंनी खिडकी लावली. आईनं उघडली. त्यांनी लावली. मी पलंगावर, लेक अंगावर, खोलीत ओव्याचा धूर, आणि दोघी एकमेकींकडे बघून गोड हसतायत. तेव्हा शेगडी विसरा. शहरात गरम पाण्याच्या पाइपांनी बरीच घरं एकत्र तापवतात, १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. डिसेंबरात घरात तुम्हाला सुती साडी पुरेल. तिळाचं तेल न्या. पण सर्दी-तापाला विहीणबाई छातीला राकिया चोळायला निघाल्या तर दचकू नका. राकिया म्हणजे फळांची दारू, बहुतेक आलूबुखाऱ्याची. इथे ती औषधाच्या कपाटात असते, फळीवर असते आणि सकाळी कॉफीशेजारीही असते.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, नाहीतर भांडण होईल. बाळ बघायला येणारी बाई "पू पू, कसलं गं कुरूप!" म्हणेल. दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम म्हणतात. माझी आई दोन दिवस जेवली नव्हती. या भेटीला येण्याला 'बाबिने' म्हणतात, बाळापाशी पैसे ठेवून जातात. आणि बाळ झाल्याची बातमी आली की मित्र बापाचा अंगातला शर्ट फाडतात. मुलाला त्या आठवड्यात जुने शर्ट घालायला सांगा.

१९ डिसेंबर म्हणजे संत निकोलसचा दिवस, आणि ती पूजा म्हणजे स्लावा. प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे चालत येतो. आपला कुळाचारच म्हणा. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. आमंत्रण नसतं हे अगदी खरं. ज्यांना यायचं त्यांना तारीख माहीत असते, आणि निकोलस इतक्या घरांचा असतो की त्या दिवशी लोक तीन-तीन ठिकाणी जेवतात. दारातून आत गेल्यावर पहिल्यांदा उकडलेल्या गव्हाचं वाडगं समोर येईल, 'झितो'. गहू शिजवून वाटलेले, त्यात अक्रोड आणि साखर. एक चमचा घ्यायचा, वापरलेला चमचा बाजूच्या पाण्याच्या ग्लासात ठेवायचा. 'नको' म्हणायचं नाही. ते प्रसादासारखं आहे. कापायचा पाव वेगळा, मेणबत्ती वेगळी.

आणि इथे तुमचं नशीब बघा. १९ डिसेंबर नाताळच्या उपासात येतो, कारण चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर चालवतं आणि नाताळ ७ जानेवारीला असतो. त्यामुळे ही स्लावा 'पोस्ना' असते: मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी नाही. मासे असतात, ते आपण बघायचे नाहीत. 'शाकाहारी आहे' म्हणालात तर लोक सॉसेज काढून चिकन वाढतात. 'पोस्नो' म्हणा, लगेच समजतं. फक्त मग "म्हणजे मासे चालतील ना?" असं विचारतील, तिथे 'नाही' म्हणून मान हलवा. मातीच्या भांड्यात भाजलेली राजम्यासारखी बीन्स 'प्रेब्रानात्स', भाजलेल्या लाल मिरच्यांचा 'आय्वार', लोणची, अक्रोडाच्या वड्या, तुमचं पोट भरेल. आय्वारची तर गंमतच आहे. सप्टेंबरात सगळ्या ब्लॉकभर मिरच्या भाजल्याचा वास असतो. बायका गॅलरीत सालं सोलत बसतात आणि तेलात ते तासन्‌तास घोटतात. मला दरवर्षी आपलं वांग्याचं भरीत आठवतं.

पण काकू, तुमचे साजूक तुपातले लाडू त्या दिवशी टेबलावर ठेवू नका. तूप म्हणजे उपास मोडला. विहीणबाई संकोचानं बोलणार नाहीत आणि पाहुणे हात लावणार नाहीत, तुम्हाला उगाच लागून राहील.

किरकोळ: जाताना रिकाम्या हाती नाही, कॉफीचं पाकीट किंवा चॉकलेट. फुलं विषम संख्येत, सम फुलं मेलेल्या माणसाला. गालाला गाल तीनदा. पोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद लागते, मुलाला आठवण करा, अशा गोष्टी तो "होतं गं" मध्ये विसरेल. बसला २०२५ पासून तिकीटच नाही, हिंडा.

दांडियाबाजारकर

मी बडोद्याचा, बोस्नियात सरायेव्होला तीन वर्षं काढली. वरचं सगळं सर्बियाचं आहे हो, उगाच बाल्कन म्हणून सगळ्यांना एक शिक्का मारू नका. बोस्नियात चीजच्या पाईला 'बुरेक' म्हटलंत तर दुकानदार तुम्हाला धडा देईल. बुरेक फक्त मांसाचा. चीजची ती सिर्नित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा, पालकाची झेल्यानित्सा. मी शाकाहारी, मला हे फार लवकर पाठ झालं.

कॉफी मात्र सगळीकडे सारखी: एक कप, दीड तास. तळाशी गाळ असतो तो प्यायचा नाही, आणि बडोद्याच्या अमृततुल्यसारखं दोन घोटात संपवून उठलात तर यजमानाला वाटतं आपलं काही चुकलं. 'चाय' मागू नका. शब्द आपलाच आहे, पण तो त्यांच्याकडे औषध आहे. मी ऑफिसात रोज मागायचो, चौथ्या दिवशी साहेबांनी विचारलं, ताप उतरला का?

आणि एक शब्द शिकून ठेवा, 'इनात'. स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल पण हट्ट सोडणार नाही, तो. सरायेव्होत नगरपालिकेची मोठी इमारत बांधायला ऑस्ट्रियन सरकारनं एका म्हाताऱ्याचं घर मागितलं. तो म्हणाला, देतो, पण वीट न्‌ वीट नदीपलीकडे नेऊन तसंच उभं करून द्या. दिलं. आज तिथे खाणावळ आहे, नावच 'इनात घर'. खिडकी उघडण्या-लावण्याची वरची गोष्ट वाचून तेच आठवलं.

सोफियाहून

बल्गेरियात 'हो'ला मान आडवी हलवतात, 'नाही'ला वर उचलतात. पुढेमागे तिकडे फिरायला गेलात तर ध्यानात ठेवा. मी पहिल्या महिन्यात भाजीवाल्याकडून तीनदा परत आले, भाजी समोर असताना.

नुसताच वाचक

सगळं आपल्यासारखंच, नात्यांची नावं, दृष्ट, आग्रह, असं गोड-गोड वाचून बरं वाटतं. सिगारेटचं कुणी का सांगत नाही? मी बेलग्रेडला कामानिमित्त दोन महिने होतो. हॉटेलात जेवताना शेजारच्या टेबलाचा धूर पानात.

ब्लॉक ४५

बरोबर बोललात, मी सवयीनं विसरले. प्रोमायाला घाबरणारे हे लोक बंद खोलीत खुशाल सिगारेट ओढतात. हा हिशोब मला नऊ वर्षांत लागलेला नाही. काकू, स्लावेच्या दिवशी बाळ झालेलं असलं तर त्याला घेऊन वरच्याच मजल्यावर बसा. "४० दिवस झाले नाहीत" एवढं म्हणा. त्यांचाच नियम आहे, कुणी हुज्जत घालणार नाही.

रामबागची काकू (इंदूर)

अगं, तुझे किती उपकार मानू. काल फोनवर मी आपणहून 'प्रियो' म्हटलं. पलीकडे आधी एकदम शांतता, मग त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग आतून व्याह्यांना बोलावून आणलं आणि मला परत म्हणायला लावलं. त्यांनी विचारलं, तुमची स्लावा कोणती? मी म्हटलं खंडोबा, मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि रोडगे. सुनेनं भाषांतर केलं. भरीत म्हणजे काय ते सांगताना तिनं आय्वारचीच बरणी कॅमेऱ्यापुढे धरली.

लाडू तुपाऐवजी तेलात वळून बघितले. वळले जात नाहीत, आणि खाल्ले तर चावडीवरच्या म्हाताऱ्यासारखं तोंड होतं. मग म्हटलं तिळगूळच करते. पाक गुळाचा, तुपाचा हात लावायचा नाही, पाण्याच्या हातानं वळायचे. चालतील ना त्यांना? डिंकाचे सुनेसाठी वेगळे, डब्यावर चिठ्ठी लावून.

ब्लॉक ४५

धावतील. आणि थोडे मागे ठेवा. जुन्या कॅलेंडरानं इथलं नवं वर्ष १४ जानेवारीला लागतं, आदल्या रात्री बाराला फटाके उडतात. मी दर संक्रांतीला खिडकीत उभी राहून ते बघते आणि घरात तीळ नसतात. एक किलो माझ्या नावाचा जास्तीचा करा, विमानतळावर घ्यायला मी येते. केस वाळवून या.