म्हणे नदी जिवंत केली!

कहूचं_झाड: परवा कोणीतरी आमच्या आर्वी तालुक्यातल्या नदीचा फोटो टाकला. पोकलेननं सरळ कापलेले काठ, मधात हिरवं पाणी, अन् खाली ओळ: "खोलीकरणानं नदी जिवंत झाली." राजेहो, हा तर कालवा झाला! त्या जागी कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या झाडाच्या मुळाखाली डोह होता. मे महिन्यात कमरेएवढं पाणी राहायचं, मरळ मासोळी तिथंच उन्हाळा काढायची. आजी रेतीत हातभर झिरा खणायची. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून फेकायचं, मग खालून नितळ झिरपायचं. आता रेतीही गेली अन् मुरूमही. थेट काळ्या पाषाणाला नेऊन भिडवलं. आपल्या भागात पाणी मुरमातच मुरते, पाषाणात भेग असेल तेवढंच. मुरूम फोडला म्हणजे माठ फोडून पाणी शोधणं झालं.

खारपाण_दर्यापूर: काकाजी, झिऱ्याच्या आठवणी गोड आहेत, आमच्या विहिरीचं पाणी नाही. पूर्णेच्या खोऱ्यात पाषाण लागतच नाही, नुसता गाळ, अन् खाली खारं पाणी. बोअर मारून पीक जाळायचं का? आमच्या दर्यापूरच्या चंद्रभागेच्या फाट्यावर नाला खोल केला, पावसाचं पाणी थांबलं, हरभऱ्याला दोन ओलित झाले. माझ्या बापाले जन्मात एक नाही जमलं. तुमचं पाणी गोदावरीत जाते, आमचं तापीत. एकाच मापानं मोजू नका.

माजी_सरपंच: दोघंही मुद्द्याचं बोलत नाही. खोलीकरणाच्या नावावर रेती कोणी नेली? आमच्या गावात दिवसा "गाळ" मोजला, रात्री ट्रॅक्टर भरले. 2012 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं पाच हेक्टरच्या आतल्या रेतीघाटालेही पर्यावरण मंजुरी लागते. कोण विचारते!

घरकुलवाला: रेतीचोर आम्हीच ना? घरकुलाचे 1,20,000 मिळाले. पाच ब्रास रेती फुकट, असं कागदावर आहे. पास काढायले चार चकरा मारल्या, साहेब मीटिंगमधी. शेवटी रात्रीचाच ट्रॅक्टर घेतला. स्लॅब काय मुरमानं टाकू?

माजी_सरपंच: म्हणजे कबूल केलं चोरीचं! शाबास.

घरकुलवाला: तुमच्या काळात घाटाचा लिलाव कोणाच्या भाच्याले सुटला होता, ते सांगू का इथं?

माजी_सरपंच: सांग ना बे! पुराव्यासकट सांग.

डांगरवाडी: भांडून झालं असेल तर ऐका. आम्ही भोई. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पात्रातल्या रेतीत नाल्या पाडायच्या, शेणखत टाकायचं, टरबूज-काकडीचं बी लावायचं. वेल मोठे होईपर्यंत घागरीनं पाणी, मग मुळं खालची ओल आपसूक धरतात. उन्हाळा त्याच्यावरच निघायचा. रेती गेली, वाडी गेली. आता तिथं बेशरमचं रान आहे. सातबारा नाही, म्हणून नुकसान कोणी लिहून घेतलं नाही. ज्यांची शेती काठावर आहे, त्यांचीच नदी हाय का?

खारपाण_दर्यापूर: ताई, याच्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. बरं, आर्वीकडे मुरूम फोडू नये, मान्य. पण आमच्याकडचं बंद करा म्हणाल तर नाही ऐकणार.

कहूचं_झाड: वा, अर्धा तरी पटला! सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर 9,633 कोटी खर्च करून भूजल पातळी वाढल्याचं फारसं दिसत नाही, असं सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं 2020 मध्येच म्हटलं. तुमच्या हरभऱ्याचा अपवाद धरतो.

खारपाण_दर्यापूर: कॅगवाल्यांनी आमच्या विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं का?

कहूचं_झाड: तुमच्या नाल्यात मरळ आहे का, ते सांगा.

खारपाण_दर्यापूर: नाही. हरभरा आहे. पायलीभर घेऊन जा.

घरकुलवाला: अन् माझ्या पासचं काय? स्लॅब अजून अर्धाच हाय.