सातारा : १९६५ ची एमजीबी घ्यावी की २०१६ ची ऑडी टीटी?

घाटवाट_एमएच११
नमस्कार मंडळी. दोन गाड्या समोर आहेत, पैसे एकीपुरतेच आहेत. एक १९६५ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची जुनी ब्रिटिश गाडी, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची, पुण्यात नोंदलेली. दुसरी २०१६ ची ऑडी टीटी, २.० लिटर पेट्रोल, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), ६८,००० किमी चाललेली. वापर एवढाच : रविवारी पहाटे यवतेश्वरमार्गे कास किंवा पसरणी घाटातून पाचगणी, आणि महिन्यातून एकदा पुणे. रोजच्या कामाला वेगळी गाडी आहे, घराला बंद गॅरेज आहे. जुन्या गाडीत काय पाहायचं? साताऱ्यात राहून ती सांभाळता येईल का?

टॅपेट_पंधरा_थाऊ
बंद गॅरेज आणि रोजची दुसरी गाडी असेल तर एमजीबी घ्या, पण पत्रा शाबूत असेल तरच. या गाडीला वेगळी चॅसी नाही, सगळा भार बॉडीवर आहे. त्यातही सिलवर, म्हणजे दरवाजाखालच्या लांब पोकळ पट्टीवर, सर्वात जास्त. बाहेरचं सिल चकचकीत दिसतं आणि आतलं सडलेलं असतं; वरून पुट्टी भरून रंग मारला की काही कळत नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे पकडत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

इंजिन १७९८ सीसी. १९६४ च्या अखेरीपासून पाच बेअरिंगचा क्रँक आला, त्यामुळे या गाडीत तोच हवा. खात्री करून घ्या, कारण इंजिन बदललेल्या गाड्या पुष्कळ असतात. वीस किलोमीटर चालवून इंजिन पुरतं तापल्यावर ३,००० आरपीएमला ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या वर हवं. गरम इंजिनात आयडलिंगला १५-२० दिसलं तरी घाबरू नका.

पुढची चाकं किंगपिनवर, म्हणजे ज्या उभ्या खिळ्याभोवती चाक वळतं त्यावर आहेत, प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निपल. दर ५,००० किमीला चाक उचलून ग्रीस मारायचं. जमिनीवर भार असताना मारलं तर ग्रीस खालच्या बुशपर्यंत पोचत नाही. चाक उचलून वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर तो चाकाच्या बेअरिंगचा नाही, किंगपिनचा.

खंबाटकी_उतार
मला हे पटत नाही. टॅपेट साहेबांचं इंजिनाचं म्हणणं बरोबर आहे, पण प्रश्न घाटाचा आहे आणि घाटात चढापेक्षा उतार महत्त्वाचा. त्या एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि ब्रेकची लाइन एकच. कुठेही एक रबरी सील फुटलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले, उरतो तो हँडब्रेक. एबीएस नाही, ब्रेक दाबायला मदत करणारा सर्व्हो नाही. त्यात कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की पहाटे अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. वळण घेतलं आणि समोर ट्रॉली दिसली, तर थांबायला किती अंतर लागेल याचा विचार गाडी घेण्याआधी करा.

टीटीला २३० अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद आहे, पावसात यवतेश्वर चढताना ती फार उपयोगी. तिचीही तपासणी लागतेच. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ओला, म्हणजे तेलात चालणारा क्लच आहे. त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचं असतं, साधारण पाच लिटरच्या वर तेल लागतं. या गाडीला ६८,००० झालेत, म्हणजे बिल मागाच. नसेल तर ती रक्कम किमतीतून कापा. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स युनिटचं तेल दर तीन वर्षांनी बदलायचं. पंपाची जाळी तुंबली की मागची चाकं ओढायची थांबतात आणि गाडी गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर चालते. ओल्या रस्त्यावर जागेवरून जोरात सोडल्यावर पुढची चाकं नुसती फिरली, तर हेच समजा. वॉटर पंपाचं घर प्लॅस्टिकचं आहे, तिथून कुलंट झिरपतं. इंजिनाच्या त्या बाजूला गुलाबी थर दिसतो का पाहा. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा.

आरसी_बघा_आधी
ब्रेकच्या आधी कागद बघा. नेहमीचं आरसी चालू असेल तर ते दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. वीस वर्षांपुढच्या आयात केलेल्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी ८०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. आरसी मेलेलं असेल आणि विक्रेता म्हणाला, "व्हिंटेजमध्ये करून घेऊ", तर नीट समजून घ्या. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तुमच्या दर रविवारच्या कासला ते कागद उपयोगाचे नाहीत. चॅसी क्रमांकाची सुरुवात जीएचएन३ अशी हवी. प्लेटवरचा आणि आरसीवरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा.

टॅपेट_पंधरा_थाऊ
खंबाटकी भाऊंचा ब्रेकचा मुद्दा मान्य. म्हणूनच घेतल्याबरोबर मास्टर सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि सगळी सील नवी टाकायची, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

सांभाळता येईल का, याचं उत्तर : येईल. हेडच्या कामाला कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. तिथे एक्झॉस्टच्या कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या सीट झिजत जातात. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट थंड इंजिनात १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

खरी अडचण ई२० ची. वीस टक्के इथेनॉलला साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं. टीटीचा कॉम्प्युटर ते स्वतः जुळवतो, एमजीबीचा एसयू कार्ब्युरेटर नाही जुळवत. घाटात गाडी उष्ण होते, मिसिंग येतं आणि मेकॅनिक नाहक इग्निशन उघडतो. कार्ब्युरेटरच्या जेटखालचा नट खाली फिरवला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं, एका वेळी नटाची एकच बाजू. मग कार्ब्युरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचला. आरपीएम क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर, वाढलेलाच राहिला तर घट्ट, इंजिन बसायला लागलं तर पातळ. पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाका.

आणि इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा : या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्हला आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडलं तर आरपीएमचा मीटर जातो.

घाटवाट_एमएच११
आरसी चालू आहे, मुदत २०२८ पर्यंत. शनिवारी बघायला जातोय. टोकन देण्याआधी एकच गोष्ट करायची असेल तर कोणती?

टॅपेट_पंधरा_थाऊ
आधी दोन्ही दरवाजे उघडून-लावून बघा, मागच्या काठाची फट लक्षात ठेवा. मग मागच्या बाजूला सिलच्या जॅक पॉइंटवर जॅक लावून चाक उचला आणि पुन्हा दरवाजा उघडा. अडकला किंवा वरची फट कमी झाली, तर सिल गेलंय. टोकन देऊ नका.

खंबाटकी_उतार
आणि दरवाजा सहज उघडला, तर माझंही एमजीबीलाच मत. फक्त पावसाळ्याचे चार महिने ती गॅरेजमध्येच ठेवा.