छोटाच फोन हवा, हा हट्ट किती योग्य?

पाऊलवाट: माझा फोन बराच जुना झाला असून नवीन घेण्याची वेळ आली आहे. रोजच्या लोकलच्या गर्दीत एक हात हँडलला असतो, त्यामुळे तिकीट दाखवणे, संदेशाला उत्तर देणे आणि बातम्या वाचणे ही सारी कामे दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानेच करावी लागतात. म्हणून मला छोटा फोन आवडतो. कार्यालयातील सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, तेवढ्याच पैशांत मोठी स्क्रीन आणि मोठी बॅटरी मिळत असताना केवळ आकारासाठी त्यावर पाणी सोडणे शहाणपणाचे नाही. फोन पुढची चार-पाच वर्षे वापरायचा असेल, तर आवडीला किती महत्त्व द्यावे?

मोजपट्टी: तुम्ही ज्याला आवड म्हणता ती तुमची रोजची गरज आहे, त्यामुळे तिला पहिले स्थान द्यायला मी अजिबात कचरणार नाही. फक्त ती इंचांत मोजू नका. जाहिरातीतला आकडा स्क्रीनच्या कर्णाचा असतो आणि हाताला जाणवते ती फोनची रुंदी. आयफोन एसईच्या २०२० आणि २०२२ मधील आवृत्त्यांची स्क्रीन ४.७ इंचांची होती, तरी त्यांची रुंदी ६७.३ मिमी होती. आयफोन १३ मिनीची स्क्रीन ५.४ इंचांची, म्हणजे बरीच मोठी, पण कडेच्या पट्ट्या बारीक असल्याने रुंदी मात्र ६४.२ मिमीच. २०२५ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२५ ची रुंदी ७०.५ मिमी आणि वजन १६२ ग्रॅम आहे, तर त्याच मालिकेतील अल्ट्रा ७७.६ मिमी रुंद आणि २१८ ग्रॅम वजनाचा आहे. फोन लांब असला तर एकहाती वापराची सेटिंग सुरू करून वरची बटणे अंगठ्याजवळ आणता येतात. पण रुंद फोनभोवती बोटेच पुरत नसतील, तर त्यावर कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही.

अक्षरवेल्हाळ: मी मुद्दाम दुसरी बाजू मांडते. माझ्या फोनवर दिवसभर मराठी वाचन चालते. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. अक्षर बारीक झाले की ही चिन्हे एकमेकांत मिसळू लागतात. चाळिशीनंतर जवळचे वाचायला त्रास होऊ लागला की आपण अक्षरांचा आकार वाढवतो, आणि मग छोट्या स्क्रीनवर एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावतात. दर क्षणाला ओळ तुटत असेल, तर लांब लेख वाचण्याची इच्छाच राहत नाही. म्हणून माझी निवड मोठ्या फोनची आहे आणि तो दोन हातांनी धरावा लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला पाच वर्षे वापरायचा आहे, तेव्हा आजच्या हाताबरोबर पाच वर्षांनंतरच्या डोळ्यांचाही विचार करावा, अशी विनंती.

जुना ग्राहक: आपली आवड बाजारही घडवतो, हे येथे नोंदवावेसे वाटते. २०११ मध्ये पहिला गॅलॅक्सी नोट आला तेव्हा त्याची ५.३ इंचांची स्क्रीन अवाढव्य वाटली होती, आज ६.२ इंचांचा फोन आटोपशीर समजला जातो. ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये मिनी आणला आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी ६.७ इंचांचा प्लस दिला. छोटा फोन आवडणारे थोडे आहेत एवढेच यातून दिसते. त्यांची आवड चुकीची ठरत नाही. एक व्यावहारिक सूचना करतो. दुकानात मांडलेल्या फोनला अनेकदा चोरी रोखण्यासाठी केबल किंवा जड उपकरण जोडलेले असते, त्यामुळे वजनाचा खरा अंदाज येत नाही. विक्रेत्याकडून मोकळा फोन मागून घ्यावा, तुम्ही वापरता तसले कव्हर घालावे, कारण कव्हरने रुंदी वाढते, आणि मग उभे राहून एका हाताने मोठा संदेश टाइप करून पाहावा.

पाऊलवाट: सर्वांचे मनापासून आभार. कव्हरशिवाय ७१ मिमी ही रुंदीची मर्यादा मी निश्चित करत आहे, कारण गर्दीत फोन हातातून निसटण्याची भीती मला वाचनाच्या गैरसोयीपेक्षा मोठी वाटते. लांब लेख मी घरी टॅबवर वाचू शकेन. आता प्रश्न उरतो तो बॅटरीचा. एस२५ मध्ये ती ४००० एमएएच आहे. प्रवासात सतत मोबाइल डेटा वापरणाऱ्या कोणाला ती रात्रीपर्यंत पुरते का, हे कृपया कळवावे.