टिनाखाली पडून राहिलेली टेलपीसवाली गिटार पुन्हा वाजती कशी करावी?

दिग्रसकर:
जुनी अकूस्टिक गिटार आहे, तारा खाली लोखंडी टेलपीसला (तारांची टोकं धरणाऱ्या पट्टीला) अडकवायच्या तसली. टिनाच्या खोलीत कपाटावर बरीच वर्षे पडून होती. तारा गंजल्या, एक तुटली, तारा ज्यावर टेकतात तो लाकडी ब्रिज सुटा होऊन हातात येतो. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाडी तार साडेचार मिलिमीटर उंच. मागची पाटी एका बाजूने बोटभर उकलली आहे. ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली सळई, दिसत नाही. संध्याकाळी चार कॉर्डची गाणी आणि भजनाला साथ, एवढंच करायचं आहे. दुरुस्तीवाला जवळ नाही. सुरुवात कुठून करू?

सहावी तार:
ब्रिज हातात येतो म्हणजे तुटला नाही. या गिटारीत तो चिकटवलेला नसतोच, तारांच्या दाबाने बसतो. त्याची जागा मात्र मोजून ठरवा. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर घ्या, समजा ३२५ मिमी. तेवढंच पुढे मोजून ब्रिज ठेवा. बारीक तारेकडे १-२ मिमी आणि जाड तारेकडे ३-४ मिमी मागे, म्हणजे किंचित तिरपा. तारा चढल्यावर बारावा फ्रेट दाबून आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून, दोन्ही स्वर ट्यूनरवर पाहा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरता असेल तर नटकडे. मग पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या वेळी तारा एकेक करून बदला, म्हणजे ब्रिज जागचा हलत नाही.

उंचीचं आधी कारण शोधा. सुरात लावलेल्या गिटारीवर जाडी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा, सहाव्या-सातव्यापाशी फट पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम शिरलं तर मान ठीक. एटीएम कार्ड, म्हणजे पाऊण मिलिमीटर, सैल शिरलं तर मान वाकली आहे आणि रॉडशिवाय ती घरी सरळ होत नाही. मान ठीक असेल तर ब्रिजचा तळ सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायला ब्रिज एक मिमी घासावा लागतो. जाडी तार अडीच-तीन मिमीवर आली की थांबा. त्याहून खाली नेलं तर तारांचा ब्रिजवरचा दाब कमी होतो आणि त्या खणखणतात.

वऱ्हाडी तारकस:
भाऊ, पयले पाटी, मग तारा. उकललेल्या पाटीवर ताण देसान तं फट वाढते. फटीतली धूळ जुन्या ब्रशनं काढा, फेविकॉल ब्लेडनं आतपर्यंत सरकवा आन् सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापून गिटारले घट्ट गुंडाळा. भायेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं लगेच पुसजा. चोवीस तास हात लावू नका. फेविक्विक नको, ते तडकते. आन् हे काम मे महिन्यात टिनाखाली करू नका, गरमीनं फेविकॉल मऊ पडते, सांधा पुन्हा सरकते.

कापूसकर:
तारांचं सांगतो. रॉड नसलेल्या मानेवर बारा नंबरचा सेट (सर्वात बारीक तार ०.०१२ इंच) चढवू नका, सगळ्या तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो. ०.०१० चा, बॉल-एन्डवाला (तारेच्या टोकाला मणी असलेला) घ्या आणि सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवून लावा, म्हणजे जाडी तार ई-ऐवजी डी-ला. ताण सुमारे वीस टक्के उतरतो. मूळ सुरात वाजवायचं असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा. तारा बोटांनाही सोप्या लागतात.

खुंट्यांच्या दातऱ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि ढिले स्क्रू आवळणं पुरे. नटच्या खाचेत पेन्सिल घासा, तार अडकून सूर उडी मारतो तो थांबतो. फ्रेटबोर्ड उघड्या लाकडाचा असेल तर मेडिकलमधून साधं लिक्विड पॅराफिन आणा (पोट साफ करायचं पांढरं मिश्रण नव्हे!), दोन-तीन थेंब चोळून पुसून टाका. काळा रंग दिलेला असेल तर तेलाची गरज नाही. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं.

दिग्रसकर:
फ्रेटची टोकं हाताला लागतात. ती का?

सहावी तार:
उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, धातूचा फ्रेट मात्र तेवढाच राहतो, म्हणून टोक बाहेर येतं. बारीक कानसीने फक्त टोक तिरपं घासा, लाकडावर टेप लावून. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती कमी जाणवतील, पण धार राहतेच. खोलीत कूलर असेल तर गिटार त्याच्या झोतासमोर ठेवू नका, रात्री ओली आणि दुपारी कोरडी हवा लागून लाकूड रोज हलतं. आतल्या भिंतीपाशी, जमिनीपासून वर, पेटीत ठेवा.

वऱ्हाडी तारकस:
आन् पेटीत ठेवाच्या आधी वाळवी हाय का ते पाहजा. भिंतीले टेकवाल तं ती पेटीच खाते.