मदत हवी आहे : कोलकात्याच्या पाहुण्यांना तीन दिवसांत मुंबईत काय आणि कुठे खाऊ घालावे?

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोलकात्याहून एक कुटुंब शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस मुंबईत येत आहे. त्यांना इथे काय खाऊ घालावे आणि त्यासाठी कुठे न्यावे, याबद्दल मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. नुसते 'मुंबईत कुठे खावे' असे विचारले की जी दहा-बारा नावे पुढे येतात ती मलाही ठाऊक आहेत. माझी अडचण थोडी निराळी असल्यामुळे सविस्तर लिहितो.

बँकेच्या नोकरीत असताना माझी तीन वर्षे कोलकात्याला बदली झाली होती. शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना मी आजही दादाच म्हणतो, पहिल्याच आठवड्यात मला न्यू मार्केटजवळच्या सिद्धेश्वरी आश्रमात जेवायला घेऊन गेले. नाव आश्रम असले तरी तिथे मासे मिळतात, आणि अशा जागांना तिकडे 'पाईस हॉटेल' म्हणतात. भात, डाळ, भाजी, मासा या प्रत्येकाचे पैसे वेगळे, इतकेच काय, ज्या केळीच्या पानावर जेवायचे त्याचेही वेगळे. नोकरीसाठी शहरात एकट्याने राहणाऱ्या माणसाला खिशाच्या बेताने पोटभर जेवता यावे म्हणून ही पद्धत पडली. त्या एका जेवणाने मला ते शहर जितके समजले तितके व्हिक्टोरिया मेमोरियल पाहून समजले नव्हते. पुढे पावसाळ्यात बौदींनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, घरी इलिश (हिलसा मासा) केला, तेव्हा मला त्याचे केसासारखे बारीक काटे काढता येईनात. त्यांनी स्वतःचे जेवण बाजूला ठेवून एकेक काटा बोटांनी चाचपून काढला आणि मोकळा केलेला मासा माझ्या भातावर ठेवला. अशा माणसांचा पाहुणचार करायचा आहे.

दादा, बौदी, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी आणि दादांच्या आई, म्हणजे माशीमा, असे चौघे येतील. त्यांची उतरण्याची सोय दादरला केली आहे. दादांनी फोनवर एवढेच सांगितले आहे की मुंबईची माणसे जे खातात तेच आम्हाला खायचे आहे. ही अपेक्षा अगदी रास्त आहे, कारण मागे दिल्लीच्या एका स्नेह्यांना मी एका बड्या मॉलमधील नावाजलेल्या उपाहारगृहात नेले होते आणि जेवण झाल्यावर ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले की असेच जेवण आमच्याकडेही मिळते. ते बोलणे माझ्या मनाला फार लागले होते.

आतापर्यंत ठरवलेला बेत असा आहे. शुक्रवारी सकाळी धोबीतलावच्या कयानीमध्ये ब्रून मस्का आणि चहा. हे 1904 सालापासूनचे दुकान आहे आणि तिथले लाकडी खुर्च्या-टेबलांचे वातावरण अजून टिकून आहे. ब्रून कसा खायचा हे मात्र त्यांना दाखवावे लागेल, कारण तो पाव वरून इतका कडक असतो की तसाच चावला तर टाळूला लागतो. चहात बुडवून लोण्याचे डोळे चहावर तरंगू लागले की मग तोंडात घालायचा. त्याच दिवशी दुपारी बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानियामध्ये बेरी पुलाव. त्यावरच्या आंबट तांबड्या बेरी, म्हणजे झरेश्क, हा मूळचा इराणचा मेवा असल्यामुळे या पदार्थात या शहराच्या बंदराचा इतिहासही दिसतो. रात्री ताडदेवच्या सरदारची पावभाजी, कारण पावभाजीचा उगम मुंबईत गिरण्यांच्या पाळ्यांवरून सुटणाऱ्या कामगारांसाठी झाला असे सांगतात, आणि ती खाताना ही गोष्ट पाहुण्यांना सांगितलीच पाहिजे.

वडापावाबद्दल माझ्या मनात संभ्रम नाही. 1966 साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकायला सुरुवात केली असे मानले जाते. पाहुणे दादरलाच राहणार असल्यामुळे तो दादरलाच, कढईतून निघताक्षणी, उभ्यानेच खावा हे उत्तम.

माशीमांची बाब मात्र नाजूक आहे. त्यांचे वय 78 आहे, त्या पूर्ण निरामिष खातात आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य आहे. मुंबईत जैन पदार्थ ठिकठिकाणी मिळतात हे खरे, पण त्यांत बटाटाही नसतो, आणि बटाट्याशिवाय बंगाली माणसाला जेवल्यासारखे वाटत नाही. बराच विचार केल्यावर माझ्या लक्षात आले की आपले उपवासाचे पदार्थ त्यांना बरोबर चालतील. दादरच्या प्रकाशमधील साबुदाणा वडा आणि पियूष हे तर मुंबईचे खास पदार्थ आहेत, आणि उपवासाचे असल्यामुळे वड्यात कांदा-लसूण असण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ताडदेवच्या स्वाती स्नॅक्सची पानकी, म्हणजे केळीच्या पानात पातळ पसरून भाजलेले तांदळाच्या पिठाचे धिरडे, त्यांना आवडेल असे वाटते, कारण केळीच्या पानात मासा शिजवण्याची पातुरीची पद्धत त्यांच्याही घरात आहे. माटुंगा स्टेशनसमोर रामा नायक यांनी 1942 साली सुरू केलेल्या उडुपी बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवण मिळते. तिथे नेल्यास दादांना त्यांच्या पाईस हॉटेलची आठवण होईल आणि माशीमांनाही मनासारखे जेवता येईल. अडचण एवढीच की त्यांना फार वेळ उभे राहता येत नाही आणि जिनेही झेपत नाहीत. दुपारी कोणत्या वेळी गेल्यास तिथे रांग कमी असते आणि वृद्ध माणसाला चढायला किती पायऱ्या आहेत, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. वर लिहिलेले जवळजवळ सगळे पदार्थ बाहेरून येऊन मुंबईत स्थिरावलेल्या किंवा कामासाठी आलेल्या लोकांचे आहेत. इराणी, पारशी, गुजराती, उडुपी, कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, या सर्वांनी मुंबईचे खाणे घडवले आणि ते दाखवण्यात मला अभिमानच वाटतो. ज्या बायकांनी लालबाग-परळच्या चाळींत खानावळी चालवून या कामगारांना जेवू घातले, आणि ज्यांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्यांची गोष्ट दादांना सांगायची असे मी आधीच ठरवले आहे. परंतु जे या बेटांवर आधीपासून होते, म्हणजे कोळी, पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन (इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती), त्यांचे जेवण पाहुण्याला कुठे मिळते? माझे बालपण गिरगावात, खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर गेले. नाताळच्या सुमारास तिथल्या ईस्ट इंडियन घरांतून फुगे, म्हणजे मैद्याचे गोल, फुगीर पाव, तळल्याचा वास येई आणि शेजारच्या आंटी ते गरमगरम फुगे आमच्या घरी पाठवीत असत. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, अनेक जिन्नस कुटून केलेला त्यांचा मसाला बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरला जाई, म्हणून त्याला बॉटल मसाला म्हणतात. पाठारे प्रभूंच्या घरचे कोळंबीचे भानोले (वड्या पाडून खायचा भाजलेला पदार्थ) मी आयुष्यात दोनदाच खाल्ले आहे, तेही दोन्ही वेळा एका वर्गमित्राच्या आईच्या हातचे, आणि त्यातल्या पाठारे प्रभूंच्या खास सांभार मसाल्याची चव मला अजून आठवते. हे पदार्थ बहुतेक घरांतच राहिले. वडील ज्या अनंताश्रम खानावळीत मासे खायला जात, तीही बंद झाली.

म्हणून माझी विनंती अशी आहे. पाठारे प्रभू किंवा ईस्ट इंडियन पद्धतीचे जेवण आगाऊ सांगितल्यास घरी बसवून वाढणारे, किंवा निदान डबा करून देणारे कोणी असेल, तर मला व्यक्तिगत निरोपातून जरूर कळवावे. पाच माणसांचे जेवण, योग्य तो मोबदला, आणि चार दिवस आधी सूचना, इतके मी नक्की करीन. वर्सोव्याला कोळी बांधव दरवर्षी सी-फूड महोत्सव भरवतात. त्याच्या या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्या आहेत का? माहीम कोळीवाड्यात महिला बचत गटांनी सुरू केलेल्या सी-फूड प्लाझावर अलीकडे कोणी जेवून आले आहे का, आणि तिथे लहान गटाला निवांत बसता येते का, हेही समजले तर शनिवारची रात्र तिथेच ठरवीन.

माशांविषयी आणखी एक शंका आहे. बंगाली माणूस माशाचा दर्दी, पण त्याचा जीव मुख्यतः नदीच्या आणि तळ्याच्या माशात. समुद्राच्या माशाला वेगळा वास येतो, अशी दादांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे सुरुवात सुरमईने न करता बोंबलाने करावी असे माझे मत आहे. आमची आई ताजे बोंबील मधोमध चिरून, काटा काढून, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली तासभर दाबून ठेवीत असे. त्याने पाणी निघून जाई, आणि मग तांदळाच्या पिठात घोळवून तळले की बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे मऊ होत. बऱ्याच हॉटेलांत वरचे आवरणच इतके जाड असते की आत बोंबील आहे की नाही हे शोधावे लागते. दादर-माहीम परिसरात सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमांतक अशी मालवणी आणि गोव्याकडची नामांकित ठिकाणे आहेत. त्यांपैकी बोंबील आणि तिसऱ्या सध्या कुठे सर्वांत चांगल्या मिळतात? पाहुण्यांना मोहरीच्या तेलाची सवय आहे आणि आपल्याकडे सगळीकडे नारळ, त्यामुळे सोलकढी त्यांना जेवणाबरोबर द्यावी की शेवटी, याबद्दलही अनुभवी मंडळींनी सांगावे.

रविवारी दुपारी काळबादेवीच्या ठाकर भोजनालयात उंधियू खाण्याचा विचार आहे, कारण जानेवारी हा त्याचा ऐन हंगाम. मात्र माशीमांसाठी त्यात लसूण असतो का हे मी आधी फोनवरून विचारून घेईन. भेंडी बाजारात नल्ली निहारीसाठी (नळीच्या मटणाचा रात्रभर शिजवलेला रस्सा) दादा आणि त्यांची मुलगी माझ्याबरोबर शनिवारी पहाटे येतील. बिर्याणीत बटाटा घालण्याचा मान फक्त कोलकात्याचा, असा त्यांचा ठाम समज आहे, तेव्हा मुंबईच्या बिर्याणीतला तळलेला बटाटाही त्यांना त्याच भागात दाखवायचा आहे. त्यासाठी कोणती जागा चांगली?

रविवारी रात्री ते हावडा मेलने परत निघतील. माझी बदली संपून मी मुंबईला निघालो तेव्हा बौदींनी नव्या गुळाची ढेप आणि संदेशचा डबा हातात दिला होता, आणि तो गूळ आम्ही महिनाभर पुरवून खाल्ला होता. त्यांना देण्यासाठी एखाद्या चांगल्या इराणी बेकरीचे मावा केक घेणार आहे, पण ते सकाळीच संपतात असा माझा अनुभव आहे, तेव्हा रविवारी किती वाजता जावे लागेल? आणि शक्य झाल्यास बौदींना त्यांच्या स्वयंपाकघरात वापरता येईल असा घरगुती बॉटल मसाला, पाव किलो का होईना, पाठवायचा आहे. वांद्रे, वसई किंवा उत्तनच्या बाजूला विकत देणारे कोणी माहीत असल्यास अवश्य सांगा, मी स्वतः जाऊन घेऊन येईन.